वीस प्रती कोणाच्या?

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी पीएच.डी.चे काम करत होतो. आमच्या विभागात एकच लेसर प्रिंटर होता आणि त्याला एका स्विच-बॉक्समधून दोन संगणक जोडलेले होते. एक कार्यालयातला, बऱ्यापैकी नवा. दुसरा स्पेक्ट्रोफोटोमीटरबरोबर आलेला, अगदी जुना. खटका एका बाजूला फिरवला की कार्यालयाचे छापायचे, दुसऱ्या बाजूला फिरवला की आमचे.

एका संध्याकाळी कार्यालयातल्या बाईंनी एक सूचनापत्र छापायला पाठवले आणि विभागाच्या शिपाईमामांना सांगितले, "वीस प्रती काढा." मामा प्रिंटरपाशी गेले. पॅनेलवर मेनूचे बटण दाबून त्यांनी 'कॉपीज' हा शब्द आणला, अधिकचे बटण दाबत १ चे २० केले, 'एंटर' दाबले. आकड्याशेजारी चांदणी उमटली, म्हणजे यंत्राने आकडा स्वीकारला. पत्राची प्रत मात्र एकच आली. मामांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि उरलेल्या एकोणीस प्रती समोरच्या दुकानातून झेरॉक्स करून आणल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्पेक्ट्रोफोटोमीटरची आकडेवारी छापायला दिली. तीनच पाने होती. पहिले पान वीस वेळा आले. मग दुसरे पान वीस वेळा. तिसरे सुरू झाले तेव्हा मी धावत गेलो, पण तोवर फार उशीर झाला होता. साठ कागद वाया गेले.

"मामा, काल तुम्ही काय दाबून ठेवलंत?" मी विचारले. आवाज चढलेलाच होता.

"साहेब, मी बरोबरच दाबलं होतं. पण एकच प्रत आली," मामा म्हणाले.

त्यांचे हे वाक्य कोणीही ऐकून घेतले नाही, मीही नाही. खरे म्हणजे ते एक निरीक्षण होते, आणि चांगले होते: 'आकडा २० ठेवला, तो स्वीकारला गेला, तरी प्रत एकच आली.' प्रयोगशाळेत एखाद्या मापकाने असे वागून दाखवले असते तर आम्ही दिवसभर त्याच्या मागे लागलो असतो. पण बोलणारा माणूस शिपाई होता, आणि 'त्यांना यंत्रातले काय कळते' हे आम्ही आधीच ठरवून टाकले होते.

त्या दुपारी माहितीपुस्तिका वाचत बसलो तेव्हा उलगडा झाला. मामांची एकही कृती चुकलेली नव्हती. चुकले होते ते पॅनेल. ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. आपण पुस्तकांचे परीक्षण करतो, नाटकांचे करतो. रोज हाताळायच्या यंत्राच्या पॅनेलचे परीक्षण करायलाही हरकत नसावी.

प्रिंटरला आज्ञा तीन ठिकाणांहून मिळू शकते. ज्या प्रोग्राममध्ये आपण मजकूर लिहितो तिथून, संगणकातल्या 'ड्रायव्हर' नावाच्या दुभाष्याकडून, आणि प्रिंटरच्या स्वतःच्या पॅनेलवरून. तिन्हींमध्ये मतभेद झाला तर साधारणपणे प्रोग्रामचे ऐकले जाते, त्याने काही सांगितले नसेल तर ड्रायव्हरचे, आणि दोघेही गप्प असतील तरच पॅनेलचे. शाळेतले उदाहरण घेऊ. गणवेश घालून यावे हा शाळेचा कायमचा नियम. पण वर्गशिक्षकांनी सांगितले, "उद्या सहल आहे, साधे कपडे चालतील," तर त्या वर्गापुरती त्यांची सूचना लागू होते. नियम रद्द झालेला नसतो. ज्या वर्गाला वेगळी सूचना नाही त्याला तो लागूच असतो. पॅनेलवरचे सेटिंग हा असा शाळेचा नियम आहे.

आता मामांचे कोडे सुटते. कार्यालयातल्या संगणकात ड्रायव्हर होता आणि तो प्रत्येक पत्राबरोबर 'प्रत एक' असे स्पष्ट सांगत होता. म्हणून पॅनेलवरचे २० दुर्लक्षित राहिले. आमचा जुना संगणक मात्र नुसता मजकूर थेट प्रिंटरकडे ढकलत असे. किती प्रती हव्यात हे तो सांगतच नसे. तिथे पॅनेलवरचे २० लागू झाले. रात्री प्रिंटर बंद केला होता तरी फरक पडला नाही, कारण पॅनेलवरची सेटिंग्ज वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत साठवलेली असतात. मामांना वाटले होते, आपण 'या पत्राच्या वीस प्रती' असे सांगतो आहोत. यंत्राने ऐकले ते असे: 'यापुढे ज्याने काहीच सांगितले नसेल, त्याच्या प्रत्येक पानाच्या वीस प्रती.'

पडद्यावर मात्र फक्त 'कॉपीज २०' एवढेच होते. हे सेटिंग कोणासाठी, कधीपर्यंत, आणि त्यावर कोणाचे वर्चस्व, यांतले काहीच तिथे नव्हते. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. ही पॅनेल्स 'काय' ते सांगतात. 'कोणाचे' आणि 'कोणासाठी' ते सांगत नाहीत.

हाच दोष एका जगप्रसिद्ध संदेशात दिसतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ह्यूलेट-पॅकार्डच्या अनेक लेसरजेट प्रिंटरांच्या पडद्यावर 'पीसी लोड लेटर' असे शब्द येत. वाचणाऱ्याला वाटे, पीसी म्हणजे संगणक आणि लेटर म्हणजे पत्र. मग संगणकात पत्र भरायचे की काय? १९९९ च्या 'ऑफिस स्पेस' या अमेरिकी चित्रपटात एक कर्मचारी या तीन शब्दांवर भडकतो, तो प्रसंग चांगलाच गाजला. प्रत्यक्षात पीसी म्हणजे पेपर कॅसेट, म्हणजे कागदाचा ट्रे. आणि लेटर हे कागदाच्या अमेरिकी आकाराचे नाव. 'ट्रेमध्ये लेटर आकाराचा कागद भरा' एवढाच अर्थ.

पण अर्थ कळूनही कोडे सुटत नाही, विशेषतः भारतात. आपल्याकडे ट्रेमध्ये ए-४ कागद असतो: २१० मिलिमीटर रुंद, २९७ मिलिमीटर उंच. अमेरिकी लेटर साडेआठ इंच बाय अकरा इंच, म्हणजे सुमारे २१६ बाय २७९ मिलिमीटर. लेटर ए-४ पेक्षा सुमारे ६ मिलिमीटर रुंद आणि जवळजवळ १८ मिलिमीटर बुटका. अमेरिकेत तयार झालेल्या प्रोग्राममध्ये पानाचा आकार न बदलता कोणी मजकूर लिहिला, तर तो प्रिंटरकडे लेटर कागद मागतो. प्रिंटर ट्रे पाहतो, तिथे ए-४ असतो, आणि तो अडून बसतो. माणूस ट्रे उघडतो. ट्रे कागदाने भरलेला! तो कागद काढतो, पुन्हा नीट लावतो, ट्रे आपटून बंद करतो. संदेश तसाच राहतो. यंत्राने दोन गोष्टींची तुलना केलेली असते, मागितलेला आकार आणि असलेला आकार. पण सांगितलेली असते एकच. मागणी कोणी केली, हे तर नाहीच.

बनवणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या काळच्या पॅनेलवर एका ओळीत १६ अक्षरे मावत. पडदा महाग, स्मृती महाग. शिवाय एकच प्रिंटर अनेकांनी वापरायचा, तेव्हा कायमचे सेटिंग आणि एकेकाच्या कामापुरते सेटिंग हा भेद ठेवणे योग्यच होते. तिन्ही आज्ञांचा तो क्रमही चुकीचा नाही. उलट तो नसता तर एकाच्या वीस प्रती सगळ्यांच्या माथी आल्या असत्या. एक गोष्ट तर मनापासून वाखाणण्यासारखी: या प्रिंटरांत सगळी चालू सेटिंग्ज एका कागदावर छापून देण्याची सोय होती, आणि आजच्या बहुतेक कार्यालयीन प्रिंटरांतही ती असते. ते पान हा यंत्राचा प्रामाणिक कबुलीजबाब असतो. त्या सकाळी आम्ही ते छापले असते, तर वीसचा आकडा समोर आला असता.

तरीही १६ अक्षरांची सबब पुरी पडत नाही. 'पीसी लोड लेटर' रोमन लिपीत मोकळ्या जागा धरून १४ अक्षरांचे होते. त्याऐवजी 'वॉन्ट', 'एलटीआर', 'हॅव', 'ए-४' हे चार शब्द रोमन लिपीत, ए आणि ४ जोडून लिहा. मोकळ्या जागांसह बरोबर १६ अक्षरे होतात, आणि 'हवा लेटर, आहे ए-४' ही तुलना वाचणाऱ्याला कळते. अडचण जागेची कमी आणि दृष्टीची जास्त होती. आज प्रिंटरांवर मोठे रंगीत स्पर्श-पडदे आले आहेत. पण पॅनेलवर बदललेले सेटिंग संगणकावरून आलेल्या आज्ञेपुढे निमूट मागे पडते, हे बहुतेक ठिकाणी तसेच आहे, आणि पडदा त्याबद्दल सहसा बोलत नाही.

माणूस आणि यंत्र यांच्यात असे गैरसमज कसे होतात, याचा सुंदर अभ्यास लूसी सचमन या मानवशास्त्रज्ञ बाईंनी केला. अमेरिकेतल्या पालो आल्टो इथल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात त्या काम करत होत्या. ज्या कंपनीच्या नावाने आपण छायाप्रतीलाच झेरॉक्स म्हणतो, तीच ही कंपनी. सूचना देणारी संगणक-प्रणाली जोडलेल्या छायाप्रत यंत्रापाशी त्यांनी दोघादोघांना उभे केले आणि ते आपसात काय बोलतात, काय करतात, याचे चित्रण केले. गोंधळणाऱ्यांत ॲलन नेवेलही होते. संगणकशास्त्रातला टुरिंग पुरस्कार त्यांना १९७५ साली मिळालेला होता. सचमन यांचे पुस्तक १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी नोंदी चार रकान्यांत मांडल्या: माणसाने केलेले पण यंत्राला न कळणारे, माणसाने केलेले आणि यंत्राला कळणारे, यंत्राने माणसाला दाखवलेले, आणि यंत्र बनवणाऱ्याचा त्यामागचा विचार. माणसे आपसात भरपूर बोलतात, तर्क करतात, चुका सुधारतात. यंत्राला मात्र फक्त बटण दाबले गेले की नाही एवढेच कळते, जणू ते किल्लीच्या भोकातून पाहत असते.

ही चार रकान्यांची पद्धत वर्गात सहज वापरता येईल. शाळेतला प्रिंटर, प्रोजेक्टर, डिजिटल घड्याळ, काहीही चालेल. दोन विद्यार्थ्यांना एक काम द्या, उदाहरणार्थ घड्याळातला गजर पहाटे पाचचा लावणे. बाकीच्यांनी न बोलता, न हसता नोंद करायची: कोणते बटण दाबले, दाबण्यापूर्वी काय होईल असे वाटले होते, प्रत्यक्षात काय झाले, आणि यंत्राने ते कसे दाखवले. नंतर फळ्यावर त्या यंत्राच्या अवस्थांचा नकाशा काढा. प्रत्येक अवस्थेसाठी एक वर्तुळ आणि प्रत्येक बटणासाठी एक बाण. आता प्रत्येक वर्तुळापाशी विचारा: आपण या अवस्थेत आहोत हे यंत्राकडे पाहून कळते का? जिथे उत्तर 'नाही' येते, तिथेच मुले अडखळलेली असतात. पुस्तकात वाचलेली 'अवस्था' आणि 'प्रतिसाद' ही पदे अशा तासात हाताला लागतात.

आणखी एक फायदा आहे. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले, की वस्तूची रचना सदोष असली तरी माणसे स्वतःलाच दोष देतात. 'मला मशीनमधले काही जमत नाही' हे वाक्य आपण शिक्षकखोलीतही ऐकतो. वर्गातली निम्मी मुले एखाद्या प्रश्नाचे एकच चुकीचे उत्तर लिहितात तेव्हा प्रश्नाची वाक्यरचना तपासायची असते. आपण बहुधा मुलांना तपासतो. यंत्राच्या पॅनेलवर हा विचार करायची सवय लागली, तर ती प्रश्नपत्रिकेपर्यंत पोचायला वेळ लागणार नाही.

त्या संध्याकाळी मी मामांना शोधत गेलो. त्यांना सगळे समजावून सांगितले, माफीही मागितली. "म्हणजे आकडा लागला होता," ते म्हणाले. त्यांना तेवढेच हवे होते. मी प्रिंटरवर एक चिठ्ठी चिकटवली: 'इथे बदललेले सेटिंग सर्वांसाठी आणि कायमचे असते. प्रती संगणकावरूनच मागाव्यात.' चिठ्ठीचा उपयोग झाला. तसा घोटाळा पुन्हा झाला नाही. पण मामांनी मात्र त्यानंतर त्या पॅनेलला हात लावला नाही. काही बदलायचे असले की ते आमच्यापैकी कोणाला तरी हाक मारत आणि स्वतः दोन पावले मागे उभे राहत. मी विभाग सोडला तेव्हाही ते तसेच उभे राहत होते.