पंडिता रमाबाई यांची पुण्यातील व्याख्याने आणि ‘स्त्रीधर्मनीति’

पंडिता रमाबाई यांचे मूल्यमापन बहुधा १८८३ मधील इंग्लंडातील धर्मांतरापासून मागे पाहत केले जाते. त्यामुळे पुण्यातील १८८२ हे वर्ष केवळ प्रस्तावना ठरते. वस्तुतः त्या वर्षी रमाबाई दोन भिन्न श्रोतृवर्गांपुढे दोन भिन्न भाषांत बोलत होत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासमवेत पुराणे सांगत केलेल्या भ्रमंतीतून लाभलेला वाणीचा अधिकार त्यांनी आर्य महिला समाजाच्या कामी लावला. ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथही त्याच प्रवचनपरंपरेतला असून त्यात दोषाचा रोख स्त्रियांच्या अज्ञानावर आहे. हंटर आयोगापुढील साक्षीत मात्र शंभरातील नव्व्याण्णव सुशिक्षित पुरुष स्त्रीशिक्षणाला प्रतिकूल असल्याचे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि स्त्री-शिक्षिका, निरीक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची मागणी केली. केवळ ग्रंथावरून त्यांना परंपरानिष्ठ ठरविणारी समीक्षा श्रोत्याचा विचारच करीत नाही. अर्थात, यामुळे ग्रंथाची मर्यादा झाकली जात नाही. त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’मध्ये पुरुषांना छापील मराठीत उघड जाब विचारला होता, रमाबाईंनी तो सरकारी आयोगापुढे विचारला.