स्मृतिचित्रांतील न उघडलेले दार

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तील फजित्यांचे प्रसंग मोठ्याने वाचायचे आणि फराळ करता करता सगळ्यांनी हसायचे, ही आमच्या घरची जुनी रीत. या हसण्याच्या भरात पुस्तकाच्या मध्यावरचा एक पेच मात्र माझ्या नजरेतून कित्येक वर्षे निसटत राहिला.

१८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नीच्या संमतीवाचून घेतला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांकडे राहिल्या. आता प्रश्न असा की, हे लग्न उरले की मोडले?

घटस्फोटाविषयी येशूचे मत कडक. मार्कच्या शुभवर्तमानात त्याला अपवादच नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात व्यभिचाराचा तेवढा आहे. पण जोडीदार ख्रिस्ती नसेल तर काय, याचा विचार पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात केला. ती नांदावयास राजी असेल तर तिला टाकू नये, पण ती आपण होऊन निघून गेली तर जाऊ द्यावे. मग भाऊ बांधलेला नाही. या शब्दांवरून रोमन चर्चने पुनर्विवाहाची सवलत मानली, आणि इंग्रज सरकारने १८६६ साली धर्मांतरितांसाठी कायदाच केला. बायको धर्मांतरामुळे सहा महिने नांदत नसेल तर नवऱ्याने कोर्टात जावे. कोर्टाने तिला विचारावे, एक वर्ष थांबावे, आणि तरीही तिचा नकार कायम राहिला तर लग्न मोडावे. मग दोघांनाही, जणू जोडीदार मेला असे समजून, दुसरे लग्न मोकळे.

‘जणू मेला असे समजून’! कायदेपंडितांना हे शब्द सोयीचे वाटले असतील. पण लक्ष्मीबाईंच्या जातीत नवरा मेलेल्या बाईचे काय होई, हे बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’ने १८५७ सालीच सांगितले होते. टिळकांना मिळाली असती ती मोकळीक. लक्ष्मीबाईंच्या पदरी पडले असते जित्या नवऱ्याचे वैधव्य. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा खरा, पण कायदा आणि माजघर यांत अंतर फार.

शिवाय निघून कोण गेले? पौलाच्या नियमात जाणारी ती आहे. इथे तर आधी घराबाहेर पडले ते टिळक! लक्ष्मीबाई हा मुद्दा वाद घालून मांडत नाहीत. त्या आपले दुःख, राग आणि नातलगांचे बोलणे सांगत जातात, आणि वाचकाला तो आपोआप कळतो. माझ्या मते पुस्तकाचे खरे बळ इथे आहे; विनोद त्यानंतर येतो. टिळकांवर त्या रागावतात, पण त्यांना खलपुरुष करीत नाहीत. एखाद्या कादंबरीकाराने केला असता.

टिळक कोर्टाच्या वाटेला गेले नाहीत. त्यांच्या मोठेपणाचे हे उदाहरण म्हणून सांगण्याचा मोह होतो, पण तेवढे पुरे नाही. थांबणे त्यांचे होते, तसे परत येणे लक्ष्मीबाईंचे होते. आणि त्या आल्या त्या हिंदू म्हणूनच. नवऱ्याच्या घरात आपले सोवळे सांभाळून त्या राहिल्या. पौलाच्या पत्रातील ‘नांदावयास राजी असलेली’ बायको ती हीच. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पुढे, जातिभेद माणसाने केला हे स्वतःला पटल्यावर.