‘टाइमपास’मधील दगडू: हास्य आणि छाया

माणूस स्वतःपासूनही जे लपवितो, त्यास युंगने छाया म्हटले आहे. रवी जाधव यांच्या ‘टाइमपास’ (२०१४) मधील दगडू परब हा विदूषकाच्या कुळातला नायक. त्याचे टवाळपण उघडेच आहे. त्याची छाया आहे ती अपमानाच्या भीतीची. प्राजक्ता लेले हिच्या आज्ञाधारकपणाची छाया म्हणजे चोरटे बंड. या दोन छाया परस्परांस ओळखतात, म्हणूनच ही कोवळी प्रीती आम्हांस खरी वाटते.

खानदेशातून सुरतेस येऊन डिंडोलीसारख्या वस्तीत राहिलेल्या मराठी घरातील मुलास, आपल्या बोलीला कोणी हसले म्हणजे मनाचे काय होते, हे सांगावे लागणार नाही. दगडूच्या बोलीवर प्रेक्षागृह हसेल, तेव्हा असा मुलगा त्या हास्यात निम्माच सामील होईल. कथा ताटातुटीशी येते, तेव्हा इतरांचेही हसू ओठांवरच विरते. हे दिग्दर्शकाचे यश होय.

‘टाइमपास २’ (२०१५) मध्ये मात्र दगडू धनवान होऊन येतो. पैशाने अपमान झाकला जातो. छाया ओळखायची राहूनच जाते. आमच्या मते उत्तरार्धाचे उणेपण नेमके हेच आहे.