धर्मखंडनांतील डावपेंच

परधर्माचें खंडन करणें हें पाप नव्हे. आपल्याकडील शास्त्रकारांनीं तर त्याची रीतच घालून दिली आहे. आधीं पूर्वपक्ष मांडावा, तो प्रतिपक्ष्यानेंही 'माझें म्हणणें हेंच' असें म्हणावें इतक्या प्रामाणिकपणें मांडावा, आणि मग त्याचें उत्तर द्यावें. परंतु एकोणिसाव्या शतकांतील मराठी वादवाङ्मय चाळतां असें दिसतें कीं, पूर्वपक्ष विकृत करून मांडण्यांतच पुष्कळांची विद्वत्ता खर्ची पडली. कोणाचा धर्म खरा, हा निवाडा आम्ही येथें करीत नाहीं. वाद कोणत्या शस्त्रांनीं लढला गेला, एवढेंच पाहावयाचें आहे.

ज्या पालीहून आम्ही हें लिहीत आहों, त्या रत्नागिरी जिल्ह्यास हा विषय परका नाहीं. स्कॉटिश मिशनऱ्यांनीं १८२३ सालीं बाणकोटास आपलें ठाणें घातलें. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर कांहीं काळ रत्नागिरीच्या शाळेंत शिक्षक होते. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म याच जिल्ह्यांतील करजगांवचा.

पहिला डाव विषम मापांचा. आपल्या धर्माचीं तत्त्वें घ्यावयाचीं आणि दुसऱ्याच्या रूढि. आपले चमत्कार श्रद्धेनें वाचावयाचे आणि दुसऱ्याचे तर्कानें. पाद्र्यांनीं पुराणकथांची चिरफाड केली, पण तीच सुरी बायबलांतील कथांना लावली नाहीं. आपल्याकडील खंडनकारांनींही गोऱ्या साहेबाच्या मद्यपानावरून ख्रिस्ताची परीक्षा केली. हा दोष कोणा एका देशाचा नाहीं. अमेरिकेंत १८३० सालीं जोसेफ स्मिथ यानें मॉर्मन पंथाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. देवदूतानें दाखविलेल्या सोन्याच्या पत्र्यांची त्याची कथा हास्यास्पद ठरविणारे उपदेशक मोशेच्या दगडी पाट्यांची कथा मात्र निःशंकपणें सांगत. मुख्य मॉर्मन संस्थेनें १८९० सालीं बहुपत्नीकत्व सोडल्याचें जाहीर केलें, तरी टीकाकारांच्या तोंडीं तो आरोप राहिलाच. टाकलेली चाल चालू म्हणून दाखविणें, हाही विषम मापाचाच प्रकार होय.

दुसरा डाव हेतूवर बोट ठेवण्याचा, आणि आमच्या मतें हा सर्वांत घातक. 'पोटासाठीं बाटला' हें वाक्य कोंकणांत कोणीं ऐकलें नाहीं? एवढें म्हटलें कीं त्या मनुष्याच्या युक्तिवादास उत्तर देण्याचें कारण उरत नाहीं. उलट पक्षीं, हिंदु राहणारा तो केवळ जातीच्या भयानें राहतो, असें समजून पाद्रीही सुटका करून घेत. टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां लक्ष्मीबाई हिंदु राहिल्या, आणि पुढें स्वतःच्या विचारानें त्या ख्रिस्ती झाल्या. त्यांचीं 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्यास हीं दोन्हीं सूत्रें किती थिटीं आहेत तें कळेल. दोन्ही पक्षांच्या सोप्या उत्तरांमध्यें एक संसार मोडतां मोडतां राहिला, हें वादपटूंच्या ध्यानीं येत नाहीं.

तिसरा डाव उपहासाचा. जोतीराव फुले यांच्या लेखनावर टीका करतांना शास्त्रीबोवांनीं त्यांच्या व्याकरणाची व भाषेची यथेच्छ थट्टा केली. त्या गद्याची धार आम्हीही मानतों. परंतु विभक्ति चुकली म्हणून गाऱ्हाणें खोटें ठरत नाहीं. ज्यांना शाळेची पायरी चढूं दिली नाहीं, त्यांच्या अशुद्ध लेखनास हंसणें म्हणजे आरोपास उत्तर देणें नव्हे. तो आरोपाचा पुरावाच होय.

या सर्वांत एक गोष्ट मात्र अनुकरणीय आहे, आणि ती एका कडव्या प्रतिपक्ष्याची आहे. मोरभट दांडेकरांस उत्तर म्हणून जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मुंबईस जें पुस्तक छापलें, त्याच्या आरंभीं त्यांनीं मोरभटांच्याच पुस्तकाचें भाषांतर घातलें. विल्सन यांचीं अनुमानें आम्हांस मान्य नाहींत. तरी भटजींचें म्हणणें वाचून मग आपलें वाचा, असें वाचकास सांगण्याचें धैर्य त्यांनीं दाखविलें, आणि म्हणूनच तो वाद आजही वाचण्याजोगा राहिला आहे.

धर्मावरील कोणताही खंडनग्रंथ घरांत आला, तर तो मुलांच्या हातीं देण्यापूर्वीं वाचकांनीं एकच प्रश्न विचारावा: ज्याचें खंडन केलें, त्याला यांत आपली ओळख पटेल काय? उत्तर नकारार्थी आलें, तर त्या ग्रंथानें खंडन केलें तें स्वतःच उभ्या केलेल्या बुजगावण्याचें.