मध्यवर्ती भांडार की प्रकल्पाचे स्वतःचे भांडार?

सॉफ्टवेअर लायब्ररींचे वितरण कसे व्हावे, याविषयी संगणकक्षेत्रात दोन पक्ष आहेत. सर्व लायब्ररी एकाच मध्यवर्ती भांडारातून मिळाव्यात, असे एका पक्षाचे म्हणणे. प्रत्येक प्रकल्पाने आपले भांडार आपणच चालवावे, असे दुसऱ्याचे. वरवर पाहता हा वाद केवळ सोयीचा वाटतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी निराळाच प्रश्न आहे. एखाद्या नावाने आज जी वस्तू मिळते, तीच वस्तू त्याच नावाने दहा वर्षांनीही मिळेल, याची हमी कोणी द्यावयाची? ज्या प्रबंधातील शब्दगणना अशा लायब्ररींच्या आधारे झालेली असते, त्याच्या परीक्षकालाही हा प्रश्न टाळता येणार नाही.

स्वतंत्र भांडाराच्या पुरस्कर्त्यांची बाजू दुबळी नाही. नवी आवृत्ती तत्काळ देता येते, चाचणीच्या आवृत्त्या मोकळेपणाने वाटता येतात आणि परक्याच्या नियमांपुढे मान तुकवावी लागत नाही. तथापि, भांडाराचे आयुष्य ते चालविणाऱ्याच्या उत्साहाइतके व ऐपतीइतकेच असते. जावा भाषेतील अनेक मुक्त प्रकल्पांना आश्रय देणारे कोडहाउस २०१५ मध्ये बंद झाले. बिनट्रे या सेवेवर कित्येक लेखकांनी आपापली भांडारे थाटली होती; ती सेवा मे २०२१ मध्ये संपली आणि तेथील पत्ते निरर्थक ठरले. शिवाय भांडारे वाढली की कोणते नाव कोठून आणावयाचे, याविषयी संदिग्धता वाढते. संस्थेच्या अंतर्गत लायब्ररीचेच नाव सार्वजनिक भांडारात नोंदवून पस्तीसहून अधिक कंपन्यांच्या यंत्रणांत शिरकाव करता येतो, हे एका सुरक्षा-संशोधकाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दाखवून दिले.

मध्यवर्ती भांडाराचा उत्तम नमुना म्हणजे जावाचे मेव्हन सेंट्रल. तेथे एकदा प्रसिद्ध झालेली आवृत्ती बदलता येत नाही, लेखकाला मागेही घेता येत नाही; लेखकाची अंकीय स्वाक्षरी लागते आणि नावाचा पूर्वभाग आपल्याच मालकीचा असल्याचे सिद्ध करावे लागते. परंतु केंद्र म्हटले की स्थैर्य आलेच, हा समज खरा नाही. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएम या केंद्राने एका वादग्रस्त नावाचा ताबा मूळ लेखकाकडून काढून एका कंपनीला दिला. लेखकाने रागाने आपल्या अडीचशेहून अधिक लायब्ररी मागे घेतल्या. त्यांत लेफ्ट-पॅड ही अवघ्या अकरा ओळींची लायब्ररी होती. तिच्या अभावी असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. एनपीएमने ती त्वरित पुनःस्थापित केली व माघारीचे नियम कडक केले. येथे दोष केंद्राच्या अस्तित्वाचा नव्हता. माघारीची मुभा आणि नावावरील अनिर्बंध सत्ता यांचा होता.

दोन्ही पक्षांची खरी चूक ही की नामकरण, प्रकाशन आणि जतन ही तीन भिन्न कार्ये ते एकच मानतात. शब्द घडतो तो भाषकसमूहात. कोशकार त्याची नोंद करतो व ती राखतो. कोशकाराने शब्द घडविण्याचा मक्ता घेऊ नये. त्याचप्रमाणे शब्द घडविणाराने जुन्या कोशातील नोंद खोडू नये. गो भाषेची व्यवस्था या विवेकाच्या जवळ जाते. तेथे लायब्ररीचे नाव हाच तिच्या मूळ स्थानाचा पत्ता असतो व प्रकाशन लेखकाच्याच हाती राहते. २०१९ मधील १.१३ या आवृत्तीपासून मात्र मागणी सामान्यतः एका मध्यस्थ भांडारातून जाते, आणि प्रत्येक आवृत्तीची अंकीय खूण सार्वजनिक नोंदवहीत पडताळली जाते. हे मध्यस्थ भांडार व ही नोंदवही गूगल या एकाच कंपनीच्या हाती आहेत, हा आक्षेप रास्त आहे. तथापि मध्यस्थ बदलता येतो, आणि सार्वजनिक नोंदीमुळे गुप्त फेरफार उघडकीस येऊ शकतो.

तात्पर्य, चाचणीच्या आवृत्त्यांसाठी प्रकल्पाचे भांडार पुरेसे आहे. परंतु ज्या आवृत्तीवर इतरांनी विसंबावयाचे, ती माघारीची मुभा नसलेल्या केंद्रात असणेच इष्ट. संशोधकाने तेवढ्यावरही थांबू नये. वापरलेल्या लायब्ररीचे नाव, नेमकी आवृत्ती व अंकीय खूण प्रबंधात नोंदवावी आणि तिची प्रत आपल्यापाशी ठेवावी. कारण केंद्रेही बंद पडतात.