'ऑल-स्टार स्क्वॉड्रन': नुसत्या आठवणींपलीकडे

रॉय थॉमस यांच्या 'ऑल-स्टार स्क्वॉड्रन' (१९८१-८७) या कॉमिकवरून चाहत्यांत दोन तट आहेत. एकांना ते १९४०च्या दशकातल्या वीरांचं जिव्हाळ्यानं केलेलं पुनरुज्जीवन वाटतं; दुसरे म्हणतात, जुने संदर्भ जुळवण्यातच कथा गुदमरते. ही तक्रार रास्त आहे. तरीही मी पहिल्यांच्या बाजूचा, तो त्सुनामीमुळे. जपानी आईबापांची ही अमेरिकेत वाढलेली मुलगी इथल्या द्वेषाला विटून शत्रूला मिळते, पुढे परतही फिरते. १९४२पासून अमेरिकेनं जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबलं. युद्धकाळातल्या कॉमिक्सनी जपानी माणूस बहुधा राक्षसच रंगवला. थॉमसनी त्या काळावर प्रेम केलं आणि त्याला जाबही विचारला. परदेशात मुलं वाढवणाऱ्या आपल्या मंडळींना याचं मोल वेगळं सांगायला नको.