विद्यापीठीय इंग्रजी संवादकौशल्ये आणि आंतरसांस्कृतिक जाण : एक चिकित्सा

प्रस्तावना :
महाराष्ट्रात इंग्रजी शिक्षणाला विद्यापीठीय अधिष्ठान लाभले ते १८५७ साली मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेने. पुढे सन २००० पासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. त्यामुळे आज पदवीच्या प्रथम वर्षाला प्रवेश घेणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी किमान बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. असे असूनही नोकरीच्या मुलाखतीत स्वतःविषयी चार वाक्ये सलग बोलताना तो अडखळतो. याचे खापर सामान्यतः कच्चे व्याकरण, तोकडा शब्दसंग्रह आणि न्यूनगंड यांवर फोडले जाते. ही कारणे खोटी नाहीत. परंतु ती पुरेशीही नाहीत. विद्यार्थी मराठीत ज्या संवादक्षमतेने वावरतो तिची दखलच न घेता अभ्यासक्रम त्याला 'संवादकौशल्ये' शिकवू पाहतो, हे यामागील मूळ दुखणे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे :
१) संवादकौशल्यांच्या प्रचलित अध्यापन-मूल्यमापनाची चिकित्सा करणे.
२) मराठी व इंग्रजी यांच्या संभाषणरीतींतील भेद सोदाहरण स्पष्ट करणे.
३) आंतरसांस्कृतिक संवादाच्या अध्यापनासाठी पर्यायी दिशा सुचविणे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी :
डेल हाइम्स यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात 'संप्रेषणक्षमता' ही संकल्पना सविस्तर मांडली. वाक्य व्याकरणशुद्ध असणे आणि ते प्रसंगाला साजेसे असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, हा तिचा गाभा होय. मायकेल बायरम यांनी १९९७ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले. परकी भाषा शिकणाऱ्यापुढे मूळ भाषकाची हुबेहूब नक्कल हे ध्येय ठेवू नये. दोन संस्कृतींमध्ये दुवा साधणारा 'आंतरसांस्कृतिक भाषक' घडवावा, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्या मांडणीत परक्या समाजाविषयीच्या जिज्ञासेइतकेच स्वतःच्या संस्कृतीकडे चिकित्सकपणे पाहण्यालाही महत्त्व आहे. आपल्या अभ्यासक्रमांच्या उद्दिष्टांत ही परिभाषा उतरली आहे. वर्गात मात्र ती अभावानेच पोहोचते.

बोलण्याचे अध्यापन :
बोलण्याची परीक्षा लेखणीने घेतली जाते, ही पहिली विसंगती होय. 'पुढील संवाद पूर्ण करा' हा प्रश्न विद्यार्थी मार्गदर्शिकेतून पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवितो आणि तोंडातून एक शब्दही न काढता 'संभाषण' या घटकाचे गुण मिळवितो. अंतर्गत मूल्यमापनात तोंडी परीक्षेची तरतूद असते तेथेही ऐंशी-शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात ती उरकून घेतली जाते.

दुसरी विसंगती उच्चारांविषयीची आहे. इंग्रजीत वेगवेगळ्या आद्याक्षरांनी लिहिले जाणारे 'बंडी' आणि 'पश्चिम' या अर्थांचे दोन शब्द देवनागरीत आपण एकसारखेच 'वेस्ट' असे लिहितो आणि बहुधा बोलतोही तसेच. अशा भेदांवर वर्गात बराच वेळ खर्च होतो. परंतु संदर्भामुळे येथे सहसा गैरसमज होत नाही. त्यापेक्षा शब्दातील आघाताचे स्थान अधिक महत्त्वाचे आहे. मराठीत आघात बदलल्याने सहसा शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत 'रेकॉर्ड' हा शब्द पहिल्या अवयवावर आघात दिल्यास नाम होतो आणि दुसऱ्यावर दिल्यास क्रियापद. आघात चुकला की ऐकणाऱ्याला शब्द ओळखणेच कठीण जाते. म्हणजे जे शिकविण्याने आकलन सुधारेल ते मागे पडते आणि ज्याने केवळ लाज वाढते ते पुढे येते.

ही लाज इंग्रजीच्या तासाला जन्मलेली नाही. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' हे नाटक लिहिले, तेव्हा इंग्रजी उच्चारांचा प्रश्न मराठीच्या 'शुद्ध-अशुद्ध' बोलण्याचा प्रश्न होऊन सहज अवतरला. हे रूपांतर स्वाभाविक वाटले, कारण बोलण्यावरून माणसाची पायरी ठरविण्याची रीत आपल्याकडेही रुजलेली होती. अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारे मूल शाळेत आपल्या बोलीसाठी हसू सोसून महाविद्यालयात येते. इंग्रजीच्या तासाला ते गप्प बसते, ते याच पूर्वानुभवामुळे. त्याला केवळ 'धीट व्हा' असे सांगणे हा उपाय नव्हे.

सौजन्याचे व्याकरण :
पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी सौजन्याच्या भाषिक रूपांचा जो प्रसिद्ध अभ्यास केला (१९८७), त्याच्या आधारभाषांत तमिळही होती. भारतीय भाषांतील सौजन्य अभ्यासविषय होऊ शकते, याचा हा दाखलाच होय. मराठीत विनंतीचे मार्दव क्रियापदात आणि 'जरा', 'ना' अशा लहान शब्दांत सामावलेले असते. 'जरा पुस्तक देता का?' या वाक्यात 'प्लीज'च्या तोडीचा स्वतंत्र शब्द नाही, तरीही ते पूर्णतः नम्र आहे. विद्यार्थी त्याचे शब्दशः इंग्रजी करतो तेव्हा 'देता'तील आदर गळून पडतो, 'जरा'ला जागा मिळत नाही आणि उरते ती कोरडी आज्ञा. ऐकणाऱ्याला तो उद्धट वाटतो. त्याच्या मनात उद्धटपणाचा लवलेशही नसतो.

अशी आणखी उदाहरणे देता येतील. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद मराठी भाषक नकळत सांभाळतो. इंग्रजीत दोहोंसाठी 'वी' हा एकच शब्द असल्याने समोरची व्यक्ती त्यात धरली आहे की नाही, हे वेगळे स्पष्ट करावे लागते. 'तुला माहीत नव्हते ना?' या प्रश्नाला मराठीत 'हो' म्हणूनही दुजोरा देता येतो. इंग्रजीत तेथे 'नो' अपेक्षित असतो. निघताना आपण 'येतो' म्हणतो आणि 'जेवण झाले का?' हे बहुधा आमंत्रण नसून विचारपूस असते. हे सारे विद्यार्थ्याला ठाऊकच असते. त्याकडे ज्ञान म्हणून पाहण्यास मात्र त्याला कोणी शिकविलेले नसते.

लेखनाचे अध्यापन :
अर्जलेखनात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. मराठी पत्रात मायना, नमस्कार आणि क्षेमकुशल यांतून आधी नाते प्रस्थापित होते. मागणी नंतर येते. त्या वळणाने विद्यार्थी इंग्रजी अर्जात आधी घरची परिस्थिती मांडतो आणि शिष्यवृत्तीची विनंती शेवटच्या ओळीत करतो. आजच्या कार्यालयीन ई-मेलमध्ये मात्र प्रयोजन पहिल्याच वाक्यात अपेक्षित असते. यावरून मराठी लेखनपद्धती सदोष ठरत नाही. रॉबर्ट काप्लान यांनी १९६६ साली वेगवेगळ्या भाषासमूहांची परिच्छेदरचना आकृत्यांनी दाखविताना इंग्रजीसाठी सरळ रेषा काढली. इंग्रजीलाच मापदंड मानल्याचा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि पुढे त्यांनी स्वतःही आपली मांडणी सौम्य केली. वाचक बदलला की रचना बदलते, एवढेच विद्यार्थ्याला समजावयास हवे. त्याऐवजी त्याला 'विनम्रपणे निवेदन करतो की' या थाटाचा जुना कचेरी-साचा पाठ करावयास लावला जातो.

आंतरसांस्कृतिक संवाद :
या घटकाच्या नावाखाली बहुधा कोणत्या देशात हस्तांदोलन करावे आणि कोठे लवून अभिवादन करावे, अशा शिष्टाचारांची यादी शिकविली जाते. ब्रज काच्रू यांनी १९८५ साली मांडलेल्या तीन वर्तुळांच्या प्रतिमानात भारत बाह्य वर्तुळात येतो. म्हणजे येथे इंग्रजी ही देशांतर्गत व्यवहाराचीही भाषा आहे. आपल्या बहुसंख्य पदवीधरांचा इंग्रजी संवाद परदेशी व्यक्तीपेक्षा चेन्नईच्या अधिकाऱ्याशी किंवा कोलकात्याच्या ग्राहकाशी होण्याचा संभव अधिक. त्या संवादासाठी शिष्टाचारांच्या यादीचा उपयोग मर्यादित आहे. पोळा, वारी किंवा ओटी भरणे यांविषयी काहीही माहीत नसलेल्या व्यक्तीला ते सोप्या इंग्रजीत समजावून सांगणे, तिच्या शंका ऐकणे आणि तिच्याकडील प्रथा विचारून घेणे, हा खरा आंतरसांस्कृतिक स्वाध्याय होय.

निष्कर्ष :
१) बोलण्याचे मूल्यमापन बोलण्यातूनच व्हावे. मोठ्या वर्गात जोडीने केलेले संभाषण मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ते तपासता येईल.
२) गुणदानात 'मूळ भाषकासारखे बोलला का?' यापेक्षा 'ऐकणाऱ्याला समजले का आणि ते प्रसंगाला साजेसे होते का?' हा निकष असावा.
३) एकच विनंती प्राचार्य, मित्र आणि अनोळखी व्यक्ती यांना प्रथम मराठीत व नंतर इंग्रजीत करून दोहोंतील भेद विद्यार्थ्यांनीच शोधावेत.
४) अर्जलेखनाचे साचे पाठ करून घेण्याऐवजी एकच मजकूर दोन भिन्न वाचकांसाठी लिहून घ्यावा.

यांपैकी कोणत्याही सूचनेसाठी महागड्या भाषा-प्रयोगशाळेची गरज नाही. गरज आहे ती दृष्टी बदलण्याची. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी संवादाच्या बाबतीत कोरी पाटी नसतो. वडीलधाऱ्यांशी, सोयऱ्यांशी आणि परक्यांशी कसे बोलावे याची सूक्ष्म जाण तो घेऊन आलेला असतो. ही जाण उणीव न मानता भांडवल मानली, तरच त्याला इंग्रजीत स्वतःच्या आवाजात बोलता येईल.